गाडी लीजवर घेताय? आधी किलोमीटर मोजा

लीजचा महिन्याचा आकडा ईएमआयपेक्षा कमी दिसला की माणूस लगेच पाघळतो, पण लोन फिटलं की गाडी आपली होते आणि लीजमधी ती शेवटपर्यंत कंपनीचीच राहते, आपण फक्त दोन-चार वर्षं वापरल्याचं भाडं भरायचं आणि मुदत संपली की परत द्यायची, किंवा स्कीममधी सोय असंल तर उरलेल्या किमतीला घेऊन टाकायची.

सगळ्यात आधी विचारा की कोल्हापूरच्या पिनकोडला डिलिव्हरी देताय का, कारण काही स्कीम पुण्या-मुंबईपुरत्याच असतात. मग नंबरप्लेट कुठली? पांढरी असंल तर विषय नाही, काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्यानं चालवायची गाडी, आणि आपल्याला निपाणी-बेळगाव म्हणजे शेजारची गल्ली, त्यामुळं कर्नाटकचं परमिट, टॅक्स कुणी भरायचा ते लिहून घ्या.

आता खरा मुद्दा किलोमीटरचा. भाडं ठरतं वर्षाच्या किलोमीटर लिमिटवर. समजा घरनं गोकुळ शिरगाव एमआयडीसी जाऊन-येऊन २० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाला ६,०००. त्यात पोरगं पुण्याला शिकतंय म्हणून महिन्यातनं दोनदा पुणं, एक फेरी साधारण ४६० ची, वर्षाला झाले ११,०४०. हितंच १७,००० पार, गोवा, लग्नं, जोतिबा अजून धरलंच नाही. अशा माणसानं १५,००० चं स्वस्त लिमिट घेतलं आणि वरच्या किलोमीटरला समजा ७ रुपये दर असला तर वर्षाला १४,००० च्या वर जादा जातात. त्यापेक्षा सुरवातीलाच मोठं लिमिट घेतलेलं बरं पडतंय का बघा.

कोटेशनमधी जीएसटी धरलाय का तेपण बघा. भाड्यावर गाडीचाच दर लागतो, २२ सप्टेंबर २०२५ पासनं ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि मोठ्या गाडीला ४०. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग बहुतेक भाड्यातच असतं, टायर मात्र वेगळं विचारा.

कागदं लोनसारखीच, पॅन, आधार, लायसन, सॅलरी स्लिप किंवा इन्कम टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, आणि सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा स्कोअर, बघतातच. ज्यांचं सगळं उसाच्या बिलावर आहे त्यांची फाइल हितं अडकू शकते, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही म्हणून रिटर्नच भरलेला नसतो, शिवाय बिल येणार कारखाना देईल तेव्हा आणि भाडं कापणार दर महिन्याला.

मधीच सोडायची झाली तर? ह्या प्रश्नावर सेल्सवाला जरा गुळमुळीत बोलतो, म्हणून अॅग्रीमेंटमधला फोरक्लोजरचा क्लॉज स्वतः वाचा, किती महिन्यांचं भाडं दंड म्हणून जातंय ते आकड्यात विचारा. ऑफिसमार्फत लीज असंल तर नोकरी सोडल्यावर गाडीचं काय, तेपण एचआरला आधीच विचारून ठेवा.

हौशी लोकांसाठी एक, गाडी आपली नाही म्हणजे काचेला फिल्म, बाहेरनं सीएनजी किट, मोठा साउंड असलं काही परवानगीशिवाय करायचं नाही. डिलिव्हरी घेताना हार घालायच्या आधी चारी बाजूनं, आतनं, मीटरचा पण व्हिडिओ काढा आणि त्यांना मेल करून टाका, परत देताना स्क्रॅचचे पैसे कापायला लागले की तोच दाखवायचा.