गाडीच्या केबिनमधला बनावट इंजिन-आवाज कमी कसा करावा

स्टिरिओ बंद आहे, काचा वर आहेत, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबता आणि डॅशबोर्डच्या मागून एक जाड, घुमणारा आवाज उठतो. आरपीएमचा काटा चढेल तसा तोही चढतो. पण कान देऊन ऐकलं, तर तो बॉनेटखालून येत नाही. हायवेवर तासभर झाला की त्याच घुमण्याने डोकं जड होतं.

बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये हा आवाज मुद्दाम आत सोडलेला असतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, एक्झॉस्टच्या वाटेतच बसतो, त्यामुळे इंजिनाचे ठोके मऊ होतात. त्यात बाहेर जाणाऱ्या आवाजावर कायद्याचं बंधन आहे. युरोपात सर्वसाधारण कारसाठी 2016 पासून 72 डेसिबलची मर्यादा आली आणि ती टप्प्याटप्प्याने 68 पर्यंत खाली आणायचं ठरलं. बाहेर जे ऐकवता येत नाही, ते मग आत ऐकवलं जातं. मला हे पटत नाही. गिअर कधी बदलायचा हे ज्याला कानाने कळतं, त्याच्या कानाशी खोटं बोलू नये.

आधी आवाज येतो कुठून ते शोधा

हे न शोधता स्क्रू काढायला बसू नका. उपाय आवाजाच्या उगमाप्रमाणे बदलतो आणि उगम तीन प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार कंपन करणाऱ्या डबीचा. फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआयच्या सहाव्या आणि सातव्या पिढीत ती वापरली. तिला साउंडॲक्टर म्हणतात. ती गाडीच्या पत्र्याला आणि काचेला थरथरवते, म्हणजे समोरची काचच स्पीकरचं काम करते. दुसरा प्रकार नळीचा. 2012 च्या टोयोटा 86 मध्ये इंजिनाकडे हवा नेणाऱ्या पाइपमधून एक फाटा फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत, आणलेला असतो. तिसरा प्रकार थेट म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरमधून येणारा. 2011 च्या बीएमडब्ल्यू एम5 मध्ये तो आला आणि नंतर इतर कंपन्यांच्या गाड्यांतही दिसू लागला.

ओळखायला दोन माणसं लागतात. इंजिन गरम होऊ द्या आणि मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्याला गाडी चालवू द्या, कारण हा आवाज बहुतेक वेळा इंजिनावर जोर आला की मगच येतो. तुम्ही शेजारच्या सीटवर बसा आणि समोरच्या काचेच्या खालच्या कडेला तळहात टेकवा. ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर हाताला बारीक झिणझिण्या आल्या, तर ती डबी. मग दाराच्या स्पीकरच्या जाळीवर हात ठेवा. गाणी बंद असताना जाळी थरथरली, तर तिसरा प्रकार. स्टिरिओचा आवाज शून्यावर नेऊन तो जात नाही, त्याची वाट वेगळी असते. नळी असेल, तर बॉनेट उघडल्यावर ती डोळ्यांनाच दिसते.

मेन्यूतून होतं का ते बघा

ड्राइव्ह मोडमध्ये जाऊन ‘इंडिव्हिज्युअल’ निवडा. अनेक गाड्यांत तिथे इंजिनाच्या आवाजाची वेगळी ओळ असते. स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स स्पोर्टवर राहू द्या, फक्त आवाज नॉर्मल किंवा इकोवर आणा. पुष्कळ लोकांचं समाधान इथेच होतं, आणि वॉरंटीलाही धक्का लागत नाही. ह्युंदाई आयोनिक 5 एन सारख्या इलेक्ट्रिक गाडीत तर आतला सगळा आवाज मेन्यूतूनच बंद होतो.

डबी असेल तर

मेन्यूने भागलं नाही, तर दोन वाटा आहेत. मी आधी कोडिंगची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलण्याची सुचवेन, कारण तिच्यात आवाज थोडा ठेवायचीही सोय आहे.

व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखं साधन डॅशबोर्डखालच्या पोर्टला लावा. फोक्सवॅगनमध्ये ए9 क्रमांकाचं मॉड्यूल उघडा, ते याच डबीचं आहे. त्यात ॲडॉप्टेशनमध्ये, म्हणजे आकडे बदलण्याच्या भागात, आवाजाची टक्केवारी असते, बहुधा 100. ती बदलण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. बॅटरी चांगली चार्ज असू द्या, कोडिंग चालू असताना ती बसली तर नसता घोळ होतो. एकदम शून्य करण्याआधी 50 करून दोन दिवस चालवा, मग 25. काहींना थोडा आवाज हवासा वाटतो, आणि त्यात गैर काही नाही.

दुसरी वाट कनेक्टर काढण्याची. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, किल्ली खिशात ठेवा. बॉनेट उघडून मागच्या बाजूला, समोरच्या काचेच्या खाली बघा. तळहातावर मावेल एवढी काळी गोल डबी दिसेल, तिला एकच छोटा कनेक्टर लावलेला असतो. मॉडेलनुसार जागा थोडी इकडेतिकडे असते. कनेक्टरची जीभ अंगठ्याने दाबून ठेवा आणि प्लास्टिकला धरून सरळ ओढा. वायरला धरून ओढू नका. जुन्या गाडीत धूळ बसून तो घट्ट होतो; अशा वेळी आधी किंचित आत ढकलायचा, जीभ दाबायची आणि मग बाहेर काढायचा, म्हणजे सुटतो.

सुटलेलं टोक तसंच लोंबत ठेवू नका. या भागात पावसाचं पाणी येतं. कापडी टेपचे दोन वेढे द्या, तोंड खाली राहील असं वळवा आणि शेजारच्या वायरिंगला झिप टायने बांधून टाका. वायर कापायची तर मुळीच नाही. स्कॅनरवर एखादा एरर कोड दिसू शकतो. सर्व्हिसला देताना तेवढं आधी सांगून ठेवा.

पुढची चक्कर काच थोडी खाली करून मारा. टर्बोची शीळ आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर हवेचा सुस्कारा, दोन्ही तिथेच होते. घुमण्याखाली दबलेले असल्यामुळे ते ऐकू येत नव्हते.

नळी असेल तर

नळीतून येणारा आवाज इंजिनाचाच असतो, फक्त आत वळवलेला. त्याला मी खोटा म्हणणार नाही. तरी काढायचीच असेल, तर दोन्ही टोकं बंद करावी लागतात. 86 मध्ये हा फाटा हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे निघतो. तिथलं भोक उघडं राहिलं, तर न मोजलेली आणि न गाळलेली हवा इंजिनात जाते. फायरवॉलचं भोक उघडं ठेवलं, तर उष्णता आणि धूर केबिनमध्ये येतो. बाजारात झाकण आणि रबरी बूच असा संच मिळतो, तोच घ्या.

स्पीकरमधून येत असेल तर

इथे फ्यूज काढण्याचा मोह टाळा. त्याच फ्यूजवर दुसरंही काही चालू असू शकतं. ॲम्प्लिफायरही काढू नका. पार्किंग सेन्सरचा आणि सीट बेल्टचा इशारा काही गाड्यांत तिथूनच वाजतो. बीएमडब्ल्यूच्या एफ मालिकेतल्या बऱ्याच गाड्यांत बिमरकोड ॲपने हा आवाज बंद करता येतो. वेगळं मॉड्यूल असेल तर ते सोडवताही येतं, पण काही जोडण्यांमध्ये गाण्यांचा सिग्नलही त्यातूनच जातो. म्हणून सोडवल्यावर लगेच ओळखीचं गाणं लावा आणि प्रत्येक स्पीकर तपासा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या कमी वेगात पादचाऱ्यांसाठी बाहेर जो आवाज करतात, त्याला हात लावू नका. पाठीमागून येणारी गाडी अंध माणसाला त्या आवाजानेच कळते.

सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झाला, तर कोडिंग पुन्हा मूळ आकड्यावर येऊ शकतं. गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्याच वळणानंतर दुसऱ्या गिअरमध्ये एकदा जोर लावून ऐका, आणि फोनमधला तो फोटो तोवर पुसू नका.