जांभळाच्या रसाचा सोलर सेल

जून उजाडला की ठाणे स्टेशनबाहेर द्रोणांतून जांभळं येतात. मी एक द्रोण खायला घेते, एक भाचीच्या सोलर सेलला. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये नोकरी झाली, खोड जात नाही.

एका बाजूने वीज वाहणाऱ्या एफटीओ (टिन ऑक्साइडचा लेप दिलेल्या) काचेचे दोन तुकडे मागवा. बाजू डोळ्यांना कळत नाही; मल्टिमीटर जिथे थोडेच ओहम दाखवतो ती घ्या. 6 ग्रॅम नॅनो टायटॅनियम डायऑक्साइड खलात घेऊन 9 मिली व्हिनेगर थेंबाथेंबाने घालत खला, शेवटी भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. खल स्वयंपाकाचा नको. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा आणि लेप काचकांडीने एकदाच ओढा.

खरी परीक्षा भाजण्यात. 450 अंश सेल्सियसला अर्धा तास. त्याशिवाय कण एकमेकांना जुळत नाहीत आणि उन्हाने रसाच्या रंगातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनला वाट मिळत नाही. आधी चिकटपट्टी काढा. थर तपकिरी होतो, मग परत पांढरा. घाबरून मध्येच उतरवू नका. मी पहिली काच चिमट्याने उचलून थेट कडप्प्यावर ठेवली. टच्च! आता जागेवरच निवू देते.

निवलेली काच गाळलेल्या रसात दहा मिनिटं बुडवा, पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. रंग उरला तर बसला समजा: अँथोसायनिन या रसातल्या रंगद्रव्याचे शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) टायटॅनियमला धरून ठेवतात. ताजं कोकमही चालतं. आमसूल नको, मीठ असतं.

दुसऱ्या काचेची वाहक बाजू 6बी पेन्सिलने काळी करा. दोन्ही काचा किंचित सरकवून समोरासमोर क्लिपांनी आवळा. 10 मिली इथिलीन ग्लायकॉलमध्ये 0.83 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि 0.127 ग्रॅम आयोडीन विरघळवून थेंब कडेला ठेवा, आपोआप आत ओढला जातो. द्रावण विषारी आहे, हातमोजे घालाच.

रंगाच्या बाजूने ऊन द्या. आमचा आकडा 0.4 व्होल्ट आला, तोही ढगाळ दुपारी. 1991 मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या संशोधकांनी अशाच सेलमध्ये रुथेनियम धातूच्या संयुगाच्या रंगावर सात टक्क्यांची कार्यक्षमता दाखवली होती. 2022 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी 15 टक्के ओलांडले. आपला सेल एका टक्क्याच्याही आत, पण रस जांभळाचा.

भाचीला आता याच विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचाय. त्याला निदान 1.23 व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात जास्तच. म्हणजे चार-पाच सेल एकापुढे एक जोडायचे, आणि बुडबुडे दिसलेच तर भिंगातून. उद्या आणखी एक द्रोण.