प्राचीन वास्तूंविषयीचा पर्यायी सिद्धान्त कसा पारखावा

एखादी भव्य प्राचीन वास्तू रूढ इतिहास सांगतो त्याहून वेगळ्याच कोणी, वेगळ्याच हेतूने उभारली, असा दावा वाचनात आला, तर प्रथम त्यातले प्रश्न सुटे करावेत: कोणी, केव्हा, कशी आणि कशासाठी. पहिल्या तिन्हींची उत्तरे दगड, अवजारे आणि लेख यांतून बरीचशी मिळतात, हेतूचे उत्तर मात्र पुष्कळदा अपुरेच राहते. आणि त्या अपुरेपणाचा आधार घेऊन बाकीच्या तिन्ही उत्तरांवर शंका घेतली जाते.

दावा खरा असेल, तर कोणत्या खुणा मागे उरायला हव्यात, हे पुरावा पाहण्यापूर्वीच कागदावर लिहून काढावे. गिझाचा मोठा पिरॅमिड हे वीजनिर्मितीचे यंत्र होते असे मानल्यास तारा, धातूचे सुटे भाग, निदान ती वीज वापरणारे एखादे साधन सापडायला हवे; तसे काहीही मिळालेले नाही. तो माणसांनी बांधला असल्यास त्यांची वस्ती, थडगी, पाव भाजण्याच्या जागा आणि हिशेब मिळायला हवेत, आणि ते मिळाले आहेत. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये हाती लागलेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदांत, मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: तुरा येथील खाणीवर चुनखडीचे दगड नावेत भरले, नावा गिझाकडे हाकारल्या, रात्रीचा मुक्काम कोठे पडला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या साध्या नोंदी मला कोणत्याही गूढकथेपेक्षा अधिक थरारक वाटतात.

‘त्या काळी हे अशक्यच होते’ असे कोणी म्हटल्यास प्रत्यक्ष प्रयोग शोधावेत. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरील मोआई या प्रचंड दगडी पुतळ्याची चार टनांहून जड प्रतिकृती अठरा जणांनी दोरांनी डोलवत उभीच्या उभी चालवली. मात्र अशा प्रयोगाने शक्यता सिद्ध होते, इतिहास नव्हे.

हा दावा कोणाचे श्रेय काढून घेतो, हेही अवश्य पाहावे. दक्षिण आफ्रिका खंडातील ग्रेट झिम्बाब्वे या प्राचीन नगराच्या दगडी भिंती स्थानिक आफ्रिकी लोकांच्या असूच शकत नाहीत, असे वसाहतवादी लेखक दीर्घकाळ सांगत राहिले; १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननाच्या आधारे त्या भिंती आफ्रिकी लोकांनीच उभारल्याचे ठामपणे मांडले, तरी ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या राजवटीत अधिकृत पातळीवरून ते सत्य दडपले गेले.

पुराव्याचा हाच निकष रूढ मतालाही लावावा. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे येथे १९९५ पासूनच्या उत्खननात सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीचे कोरीव खांब उघडे पडले, तेव्हा शेती स्थिरावल्यावाचून असे बांधकाम होत नाही, या समजुतीचा अभ्यासकांना नव्याने विचार करावा लागला.