ओळखा पाहू: ग्रुपवर सेलिब्रिटीचा फोटो टाकताना या चुका टाळा

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप लॉकडाऊनमधला, 2020 चा. कोणी कोणाला प्रत्यक्ष भेटलेलं नव्हतं, जुन्या नाटक-सिनेमाच्या गप्पांमधून ऑनलाइन ओळखी झालेल्या, आणि एका शनिवारी रात्री साडेनऊला कोणीतरी अर्धवट कापलेला फोटो टाकून खाली लिहिलं, ओळखा पाहू. ते आजपर्यंत चालूय. मुलुंडवाला, विरारवाली, गिरगावच्या मावशी (कोणाच्याच मावशी नाहीत, पण सगळे मावशीच म्हणतात), आणि एक न्यू जर्सीवाला, ज्याच्याकडे तेव्हा दिवस असतो आणि तो ऑफिसात चोरून खेळतो. खेळ फसायचे जेवढे प्रकार असतील तेवढे आमचे करून झालेत, त्यातले निम्मे माझ्या नावावर.

खेळ फसला की सगळे उत्तर देणाऱ्यांवर तुटून पडतात, चीटिंग करता म्हणून. माझं मत उलटंय. घोळ बहुतेक वेळा फोटो टाकणाऱ्याने घातलेला असतो. कारण या खेळात उत्तराला काडीची किंमत नाही हो, उत्तर येईपर्यंत जी बडबड चालते, "अगं ही ती नाही का, दूरदर्शनवर असायची", "अहो मावशी ती वेगळी", ती खरी मजा. बडबड बंद पडली की खेळ संपला.

अख्खा फोटो टाकू नका

नवीन माणूस ग्रुपमध्ये आला की हेच करतो. गूगलवर मिळालेला पहिला फोटो उचलायचा, बाजू थोडी कापायची, टाकला. गूगल लेन्सला असा फोटो दाखवला की दोन सेकंदांत नाव. आमच्या मुलुंडवाल्याचं उत्तर फोटो पुरता डाउनलोड व्हायच्या आत यायचं आणि आम्ही वेड्यासारखे म्हणायचो काय मेमरी आहे याची.

व्ह्यू वन्स करून बघितलं आम्ही, त्यात फोटो सेव्ह होत नाही, स्क्रीनशॉट निघत नाही, पण घरात दुसरा फोन असतोच ना, त्याच्याने फोटोचा फोटो काढतात. शिवाय एकदा बघितला की गेला, मग चर्चा कशावर करायची? म्हणजे लेन्सवाला गेला तो गेला, सोबत मजापण गेली.

आम्हाला लागू पडला तो उपाय फार साधा आहे. नुसतं नाव लिहिलं तर पॉइंट नाही, कशावरून ओळखलं ते पण सांगायचं, जमलं तर व्हॉइस नोटमध्ये. "उजव्या गालावरचा तीळ", "ही अंबाड्याची स्टाइल फक्त तिचीच", असं काहीतरी. लेन्सवाला इथे अडकतो, "असंच वाटलं" म्हणतो. असंच वाटलंला शून्य.

फोटोसोबत उत्तर पाठवू नका

हसू नका, हे सगळ्यांच्या हातून होतं. फोटो फुटू नये म्हणून मी एकदा डॉक्युमेंट म्हणून पाठवला, स्मिता पाटीलचा, ती सिनेमात यायच्या आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची तेव्हाचा, शोधायला अर्धा तास गेलेला माझा. डॉक्युमेंट पाठवलं की फाइलचं नाव दिसतं. फाइलचं नाव होतं स्मिता पाटील न्यूजरीडर. विरारवालीने लिहिलं, ताई फार अवघड आहे गं आजचं.

स्क्रीनशॉट काढलात तर वर सर्च बार राहिलाय का बघा, त्यात नाव टाइप केलेलं असतं. लिंक पेस्ट केलीत तर प्रिव्ह्यूमध्ये अख्खी हेडलाइन येते. आणि कोणी गूगल मीटवर पीपीटी करून खेळत असेल तर लक्षात ठेवा, पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला भाग फाइलमध्ये तसाच असतो, फाइल शेअर केली की समोरचा क्रॉप मागे ओढून आख्खा चेहरा बघू शकतो. आधी फोनच्या गॅलरीत कापा, मग तो कापलेला फोटो स्लाइडवर लावा.

फोटो फुटायचं कारण पण वेगळंच असतं बरं का. लहान फोटोतून नुसता डोळा कापला की भुरकट चौकोन उरतो, तो मग कोणत्याही क्वालिटीत पाठवा. मूळ फोटो मोठा घ्या, कापा, आणि व्हॉट्सॲपमध्ये एचडी दाबून पाठवा.

अतिशहाणपणा

लेन्सला हरवायच्या नादात मी एकदा कोपर टाकलं. नुसतं कोपर. सात मिनिटं ग्रुपवर शांतता, मग गिरगावच्या मावशींनी शुभ रात्रीचा गुलाब टाकला आणि त्या गेल्या. उत्तर आशा काळे होतं, पण तोवर ऐकायला होतं कोण.

कापताना तीन टप्पे आधीच करून ठेवा. पहिल्यात डोळे किंवा केस, दुसऱ्यात अर्धा चेहरा, तिसऱ्यात सगळा फोटो, पॉइंट तीन, दोन, एक. मध्ये चार-पाच मिनिटं जाऊ द्या. काही माणसं मात्र कशीही कापा, फुकट जातात, लतादीदींच्या दोन वेण्या नि पांढरी साडी दिसली की संपलं, तिथे वेण्या झाकायच्या आणि हात दाखवायचे.

एक नाव, दोन माणसं

सगळ्यात जास्त भांडणं आमच्याकडे यावरून झालीत त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

कोणीतरी सोनाली कुलकर्णीचा फोटो टाकला. उत्तर आलं सोनाली कुलकर्णी. पॉइंट दिला. मग उत्तर देणारा म्हणतो, अप्सरा आलीवाली ना? तर नाही, फोटो होता दोघी आणि दिल चाहता हैवालीचा. म्हणजे माणूस चुकला पण उत्तर बरोबर! यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. न्यू जर्सीवाल्याचं म्हणणं नाव बरोबर म्हणजे बरोबर, मावशींचं म्हणणं मग माझ्या शेजारच्या सोनालीचा फोटो टाक, तोही बरोबर धर.

तसंच सचिन. नुसतं "सचिन" लिहिलं तर कोण, तेंडुलकर, पिळगावकर की खेडेकर? आता पिळगावकरांचं नाव पडद्यावर नुसतं सचिन असंच यायचं, त्यामुळे तिथे नुसतं सचिन चालतं, बाकी दोघांना आडनाव लावायचं असं आमचं ठरलंय. लग्नाआधीचं नाव लिहिलं तर धरायचं, निवेदिता जोशी काय नि निवेदिता सराफ काय, माणूस तोच. मात्र आमच्यात काही जण ऐंशीच्या दशकातच राहिलेत त्यांना नवीन आडनाव माहीतच नसतं आणि पोरांना जुनं, हे फोटो टाकायच्या आधी लक्षात घ्या.

मग भूमिका. सुबोध भावेने 2011 मध्ये बालगंधर्व केला, 2015 मध्ये लोकमान्य, 2018 मध्ये काशिनाथ घाणेकर. टिळकांच्या पगडीतला फोटो पडला, एकाने लिहिलं टिळक, एकाने लिहिलं सुबोध भावे. दोघांनाही पॉइंट हवा. त्यानंतर आमच्याकडे कोणताही महापुरुष दिसला की पहिलं उत्तर सुबोध भावेच येतं, आणि एकदा मी मुद्दाम खऱ्या बालगंधर्वांचा साडीतला जुना फोटो टाकला तर सात जण फसले. आणि झपाटलेला सिनेमातला तात्या विंचू! बाहुल्याचा फोटो. बाहुला बनवला रामदास पाध्यांनी, आणि आत्मा बाहुल्यात शिरायच्या आधीचा माणूस तात्या विंचू म्हणजे दिलीप प्रभावळकर. तीन उत्तरं, तिघांचा आवाज चढलेला.

म्हणून फोटोखाली एका ओळीत लिहा, कलाकार ओळखा की भूमिका ओळखा. एवढंच. ही एक ओळ लिहायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आधी कोणी लिहिलं?

लोकलमध्ये उभं राहून खेळणाऱ्याचं नेटवर्क दोन स्टेशनांमध्ये जातं. त्याने उत्तर लिहिलेलं असतं 9:41 ला, घड्याळाचं चिन्ह दाखवत अडकलेलं असतं, आणि आपल्याकडे पोचतं 9:44 ला. त्याच्या फोनवर तो पहिला, आपल्या फोनवर तो तिसरा. दोन्ही बाजूंनी स्क्रीनशॉट सुरू होतात. उपाय एकच, फोटो टाकणाऱ्याच्या फोनवर जे आधी आलं ते पहिलं, अपील नाही. चर्चगेटहून विरारपर्यंत उभं राहून खेळणाऱ्यांवर अन्याय होतो, होऊ दे.

आणि एडिट. व्हॉट्सॲपवर मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. आमच्यातला एक (नाव नाही घेत, मुलुंडला राहतो) फोटो आला की लगेच "अरे वा" टाकायचा, आणि दुसऱ्याचं उत्तर आलं की ते "अरे वा" बदलून उत्तर करायचा, वेळ मात्र आधीचीच. खाली एडिटेड लिहून येतं ते आमच्या लक्षात यायला तीन शनिवार गेले. एडिट केलेलं उत्तर बाद.

बालपणीचे फोटो जपून

"हा गोड मुलगा आज सुपरस्टार आहे" असले फोटो फिरत असतात त्यातले कितीतरी भलत्याच मुलांचे असतात, हल्ली तर एआयने बनवलेले पण. त्या कलाकाराने स्वतःच्या अकाउंटवर टाकलेला असेल, किंवा त्याच्या मुलाखतीत, पुस्तकात छापलेला असेल तरच घ्या. बोटं मोजा, मागच्या पाटीवरची अक्षरं वाचा, एआयच्या फोटोत देवनागरी पाटी बऱ्याचदा गिचमिड असते.

सेलिब्रिटींच्या मुलांचे फोटो आम्ही घेत नाही. विराट-अनुष्काने स्वतः सांगितलंय मुलांचे चेहरे दाखवू नका, मग आपण कोण. हॉस्पिटलच्या दारातले, अंत्ययात्रेतले नाहीत. नेते पण नाहीत, ते नैतिक कारणाने नाही, एकदा टाकला होता आणि खेळ राहिला बाजूला, दोघं ग्रुप सोडून गेले, एकाला परत आणायला गणपतीपर्यंत थांबावं लागलं. आणि "किती जाडी झाली ही" टाइप कमेंट आल्या तर फोटो टाकणाऱ्याने तिथेच थांबवायचं, ते दुसऱ्या कोणाचं काम नाही.

उत्तर न देता झोपू नका

हे माझंच. मिशीतला एक तरुण, बँकेत नोकरी करता करता नाटकं करणारा, एवढाच क्लू देऊन मी फोन चार्जिंगला लावला आणि डोळा लागला. आता बँकेत नोकरी करून नाटक करणारे या मुंबईत थोडे होते का, अशोक सराफ पण बँकेत, शिवाजी साटम पण बँकेत. सकाळी उठले तर 84 मेसेज, दोन पार्ट्या पडलेल्या, मावशींनी रात्री दीडला त्यांच्या बँकेतल्या निवृत्त भावाला उठवून विचारलेलं, आणि शेवटचा मेसेज सकाळी सहाचा, विरारवालीचा, लोकलमधून: "ताई, जिवंत आहेस का?"

साटम होते.