कॅमोमाइल वापरताना या चुका टाळा

पोटातील गॅस आणि हलकी मुरड, सर्दीतला वाफारा, तोंड आल्यावर करायच्या गुळण्या, झोपण्यापूर्वी घ्यायचे शामक पेय अशा कितीतरी कारणांसाठी कॅमोमाइलची वाळलेली फुले शतकानुशतके वापरली जात आहेत. तरीही ती पिऊन काहीच फरक पडला नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दोष बहुधा वनस्पतीत नसून हाताळणीत असतो, कारण तिच्या गुणाचा मोठा भाग फुलांतील सुगंधी तेलात असतो आणि ते तेल सहज उडून जाते.

मुळ्या-सालींच्या काढ्याप्रमाणे ही फुले बराच वेळ उकळत ठेवणे, ही सर्रास होणारी चूक आहे. तसे केल्यास तेल वाफेबरोबर निघून जाते आणि भांड्यात कडवट पिवळे पाणी उरते. या फुलांचा फांटच करावा: 2 ते 3 ग्रॅम फुलांवर सुमारे 150 मिलिलिटर उकळते पाणी ओतून लगेच झाकण ठेवावे आणि 5 ते 10 मिनिटांनी गाळावे. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही कपात झटकून घ्यावेत, कारण उडालेल्या तेलाचा काही अंश त्यांत असतो.

एवढे करूनही वास येत नसेल, तर फुले जुनी असण्याची शक्यता अधिक. चांगल्या फुलाचा पिवळा गाभा बोटांत चुरडल्यावर सफरचंदासारखा गोडसर गंध येतो. फुले कडक उन्हात न वाळवता हवेशीर सावलीत वाळवावीत आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावीत.

स्वतः फुले खुडणाऱ्यांनी ओळखीत गफलत करू नये. जर्मन कॅमोमाइलचा गाभा उभा चिरला की आतून पोकळ दिसतो, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या अँथेमिस कोटुला या तणाचा गाभा भरीव असतो, त्याला दुर्गंध येतो आणि त्याच्या स्पर्शाने त्वचेवर फोडही येऊ शकतात. रोमन कॅमोमाइल ही दुसरी जात औषधी असली तरी तिचाही गाभा भरीव असतो, त्यामुळे तिच्यासाठी ही परीक्षा लागू पडत नाही. फुलांपासून काढलेले तेल निळे दिसले म्हणून भेसळीची शंका घेण्याचे मात्र कारण नाही; ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेत तयार होणाऱ्या कॅमाझुलीन या निळ्या घटकामुळे तो रंग येतो.

वनस्पती सौम्य आहे म्हणून ती सर्वांना चालते, हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. शेवंती किंवा रॅगवीड या तणाची ॲलर्जी असलेल्यांना त्याच कुळातील या फुलांचाही त्रास होऊ शकतो. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅमोमाइल नियमित घेऊ नये, कारण दोन्ही एकत्र घेतल्याने रक्तस्राव झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. गरोदरपणात आणि नियोजित शस्त्रक्रियेपूर्वीही असाच सल्ला घ्यावा. निद्रानाशावर तिचा गुण संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेला नाही, तेव्हा झोपेची तक्रार लांबली असेल तर कपांची संख्या वाढवत न बसता तिचे कारण तपासून घ्यावे. घरी केलेला फांट निर्जंतुक नसतो, म्हणून त्याने डोळे धुऊ नयेत.