दाह कमी करणारा आहार: गावाकडे हमखास होणाऱ्या या चुका टाळा

संधिवात, मधुमेह, वाढलेलं बीपी, फॅटी लिव्हर, सोरायसिस. नावं वेगळी असली तरी या सगळ्यांत शरीरात आतल्या आत महिनोन्‌महिने चालू राहणारा दाह, म्हणजे एक प्रकारची आतली सूज, असते. जखमेभोवती येणारी सूज कामाची असते, जखम भरली की ती उतरते. पोटावरची चरबी, तंबाखू, किडलेल्या हिरड्या, अपुरी झोप आणि रोजचं गोड-तेलकट यांनी पेटलेला मंद दाह मात्र आपोआप उतरत नाही. आहारानं तो काही प्रमाणात कमी होतो. पण वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत एकच प्रकार दिसतो: लोक ताटात काहीतरी नवं घालतात आणि ताटातून जे काढायचं ते तसंच राहतं. मग तक्रार येते, “सगळं करून पाह्यलं जी, गुडघे काही ऐकत नाहीत.”

सकाळी काढा, दिवसभर खर्रा

ही सगळ्यांत मोठी चूक आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. सुंठ-दालचिनीचा काढा घेऊन माणूस पानठेल्यावर जातो आणि पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात धरतो. तंबाखू स्वतःच दाह वाढवते, तेव्हा काढ्याचा हिशेब तिथंच संपतो. त्याहून वाईट पुढं आहे. सुपारीनं तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही. अशा माणसाला डॉक्टर काकडी, मुळा, भाकरी, पालेभाजी खायला सांगतात आणि त्याला ते चावताच येत नाही. तो मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं खातो, शुगर वाढते. शुगर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर आटोक्यात येऊ देत नाहीत.

म्हणून तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर आहाराच्या आधी दातांच्या डॉक्टरकडं जा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे. बायांच्या गुडाखूला आणि तंबाखूच्या मिश्रीलाही हेच लागू. ‘मी काही खात नाही, फक्त दात घासते’ हे खरं नाही, तंबाखू हिरड्यांतून रक्तात जातेच.

हळदीवर नको तेवढी भिस्त

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्यात कुरक्युमिन, म्हणजे हळदीतला दाह कमी करणारा घटक, जास्त असतं, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण हिशेब करून पाहा. साध्या हळदीत कुरक्युमिन शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे तीन ग्रॅमच्या चमच्यात शंभर मिलिग्रॅमही नाही. सांधेदुखीवर ज्या अभ्यासांत फरक दिसला, त्यांत रोज पाचशे ते हजार मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त कुरक्युमिन दिलेलं होतं. शिवाय नुसतं पाण्यात घेतलेलं कुरक्युमिन अंगी फार कमी लागतं. तेलाच्या फोडणीत आणि मिऱ्याच्या सोबतीनं ते जास्त लागतं, म्हणजे वरणात पडणारी हळद ठीकच आहे, तिला औषध समजू नका एवढंच.

उलट्या बाजूची चूक म्हणजे मोबाइलवर जाहिरात पाहून मागवलेल्या जास्त ताकदीच्या गोळ्या. मिरे-अर्कासह दिलेल्या कुरक्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नका.

जवस आहे, पण आख्खं

दाह कमी करायला मदत करणाऱ्या ओमेगा-३ या स्निग्ध घटकासाठी महागड्या बिया मागवायची गरज नाही, जवस आपल्या शिवारातलंच आहे. पण आख्खं जवस बहुतेक जसं गेलं तसं बाहेर पडतं. ते मंद आचेवर भाजून कुटलं पाहिजे. कुटलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच कुटा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. दिवसाला एक ते दोन चमचे पुरतात, वर पाणी भरपूर प्यावं, नाहीतर पोट धरतं. चटणी केली तर बीपीवाल्यांनी मीठ हात राखून टाकावं. जवसाच्या तेलात तळण करू नये.

पावसाळ्यात बांधावर येणाऱ्या घोळीच्या भाजीतही ओमेगा-३ असतं, बाजारात ती मिळो न मिळो. मूतखडा होत असेल तर मात्र घोळ रोज नको.

एक मर्यादा लक्षात ठेवा. वनस्पतीतलं ओमेगा-३ शरीर फार थोड्या प्रमाणात माशातल्या ओमेगा-३ सारखं बनवतं. भंडारा-गोंदियाकडं तळ्यांतले लहान मासे खाणाऱ्यांनी ते सोडू नयेत. फक्त कढईभर तेलात न तळता रश्श्यात शिजवावेत.

तेलाचा हिशेब कुणीच ठेवत नाही

तर्री हवी, पोह्यावरही हवी, हे मान्य. तरी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात माणशी दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा पिंपा या हिशेबानं साडेतीन महिन्यांहून जास्त चालायला हवा. तुमचा किती दिवस चालतो, ते पिंप्यावर तारीख लिहून बघा. आठवडी बाजारातला आलुबोंडा या हिशेबात धरलेलाच नाही, आणि ती कढई तर सकाळपासून त्याच तेलावर असते.

साखर सोडली, गूळ धरला

गुळानं शुगर वाढतेच. मधानंही वाढते. दिवसातून सहा वेळा होणारा अर्धा कप गोड चहा मोजायचा राहून जातो, तो मोजा.

डाळ, टमाटर, वांगं, गहू: सगळंच बंद

युरिक अ‍ॅसिड वाढलं की पहिली गदा तुरीच्या वरणावर येते. प्रत्यक्षात डाळींनी गाऊटचा (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा) धोका तितका वाढत नाही, जितका मटण, कलेजी आणि दारूनं वाढतो. डाळ बंद, मटण चालू, ही उलटी गंगा आहे. वांग्या-टमाटरानं संधिवात वाढतो याला भक्कम पुरावा नाही. एखाद्याला खाल्ल्यावर खरंच त्रास होत असेल तर तीन आठवडे फक्त ती एकच गोष्ट बंद ठेवून पुन्हा खाऊन पाहावी. चार गोष्टी एकदम सोडल्या तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही. गहू बंद करण्याची सक्ती फक्त सीलिअ‍ॅक आजारात (यात गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही) आणि मोजक्या रुग्णांना. ज्वारीची भाकरी आवडते म्हणून खा, पण शुगर असेल तर तीही मोजून.

भाताच्या पट्ट्यात ‘भात सोडा’ हा सल्ला घरात टिकत नाही. ताटात भात थोडा कमी, वरण घट्ट आणि अंबाडी, तरोटा, पाथरी यांपैकी जी असेल ती भाजी दुप्पट, असं केलेलं टिकतं.

आहार सुरू, गोळ्या बंद

इथं मी जरा कडक बोलणार आहे. आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी मनानं बंद केली तर सांधे वाकडे होऊ शकतात, आणि वाकडा झालेला सांधा आहारानं सरळ होत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात घरोघरी माहीत आहे. त्या रुग्णांनी बीटाच्या रसावर विसंबून हायड्रॉक्सियुरिया किंवा फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सोडू नयेत. मूत्रपिंड कमजोर असेल तर ‘फळं चांगली’ म्हणून संत्र्याचा रस पिणंही पोटॅशियममुळे अंगाशी येतं. हृदयाची झडप बदललेल्यांची रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, एकदम सोडूही नका.

बाजारात किंवा घरपोच मिळणाऱ्या बिननावाच्या ‘गुडघेदुखीच्या पुड्या’ दोन दिवसांत आराम देतात. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. बऱ्याच दिवसांपासून घेत असाल तर एकदम थांबवू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा.

तीन महिने झाले, फरक नाही

तीन महिने ही मुदत उगाच नाही. एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची साधारण तेवढ्या काळाची सरासरी सांगते. तिच्यासोबत वजन आणि कमरेचा घेर लिहून ठेवा. गुडघ्याच्या झिजेत एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोनं हलका होतो, म्हणून कापूस वेचणाऱ्या बाईला गोळ्यांच्या चार महागड्या डब्यांपेक्षा चार किलो कमी झाल्याचा उपयोग जास्त. आकडे हलले नाहीत तर आधी खर्रा, तेल आणि चहा पुन्हा तपासा. तेही नीट असतील तर थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व बघून घ्या.

सांधा लाल, गरम होऊन ताप आला, सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त राहू लागला, विनाकारण वजन उतरलं किंवा दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला, तर तीन महिने थांबायचं नाही. त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, आणि सांधा लाल होऊन ताप असेल तर त्याच दिवशी.