लॉनमधला लव्हाळा: ओळखायचा कसा, काढायचा कसा

लॉन कापून दोनच दिवस झालेत आणि गवताच्या वर काही गडद, चकचकीत पाती ताठ उभी आहेत? बहुधा लव्हाळाच. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल लागतो, याच्या तीन कडा बोटांना जाणवतात.

आता एक रोप खुरप्याने 15-20 सेंटीमीटर खोल, मातीसकट उचला. बारीक दोऱ्यात ओवल्यासारख्या काळपट गाठींची माळ दिसेल. खरी मेख इथेच आहे. नुसते उपटले की रोप बुडाशी तुटते, गाठ खाली राहते आणि शेंडा गेल्यामुळे माळेतल्या निद्रिस्त गाठीही फुटतात. एकाच्या जागी चार येतात ते यामुळे.

लव्हाळा थोडाच असेल तर आदल्या दिवशी लॉन चांगले भिजवा. दुसऱ्या दिवशी अरुंद खुरप्याने गाठीसकट काढा आणि खड्ड्यातली माती बोटांनी चाळा. मग दर दोन आठवड्यांनी तीच फेरी. कोंब वर आल्यावर साधारण तीन ते सहा आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. त्याआधी काढत राहिलात तरच जुन्या गाठीतला साठा आटतो. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, कडक उन्हात पूर्ण वाळवा.

पसारा मोठा असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के हे तणनाशक. आपल्या जातीच्या गवतावर चालते का, ते आधी लेबलवर पाहा. 100 चौरस मीटरला जेमतेम 1 ग्रॅम लागते, त्यामुळे चमच्याचा अंदाज चालणार नाही. छोटा वजनकाटा हवाच. पाती गुळगुळीत असल्याने थेंब ओघळतात, म्हणून द्रावणात स्टिकर (फवारा पानाला चिकटवून ठेवणारा द्रव) मिसळा. रोपाला तीन ते पाच पाने असताना फवारा. फवारणीच्या दोन दिवस आधी व नंतर कापणी नको, कारण औषध पानांतूनच गाठीपर्यंत उतरते. पिवळेपणा दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढ्यात घाईने दुसरा हात मारू नका. सहा ते दहा आठवड्यांनी पुन्हा फुटवे दिसले तर दुसरी फवारणी. ग्लायफोसेट हे तणनाशक मात्र लॉनवर शिंपडू नका, गवतही जळेल.

लॉनमधले दुसरे तण, आंबुशी, त्यामानाने सोपे: बदामाच्या आकाराची तीन-तीन पाने, पिवळी फुले. शेंगा पिकल्या की तडकून बी लांब उडते, त्यामुळे फुलावर असतानाच काढावी.

लव्हाळा बऱ्याचदा बाहेरून आणलेल्या मातीतून येतो. नवी माती पसरण्याआधी तिची एक कुंडी भरून, पाणी घालून तीन-चार आठवडे उबदार जागी ठेवा. कोंब आले तर ती माती लॉनवर घालू नका.